तोशिएबाईंच्या पाट्या

सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनला मुलाकडे राहायला आले त्या आठवड्यातच माझ्या सुनेने, चारुताने, मला शेजारच्या घराबद्दल बजावलं होतं. "आई, तिकडे जाल तेव्हा चपला दाराबाहेर काढा आणि त्यांची टोकं रस्त्याकडे करून ठेवा. नाहीतर आजी स्वतः वाकून फिरवून ठेवतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आपल्या चपलांना हात लावते, हे बघून मेल्याहून मेल्यासारखं होतं."

त्या आजी म्हणजे तोशिए डॉसन. जन्माने जपानी, कुरे नावाच्या बंदराच्या गावच्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या गावात ऑस्ट्रेलियन पलटणी येऊन राहिल्या होत्या. त्यातल्या केन डॉसन नावाच्या शिपायाशी लग्न करून त्या सिडनीला आल्या आणि इथल्याच झाल्या. केन पुढे रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाला. तो वारला, मुलगी नाओमी नोकरीसाठी पर्थला गेली, आणि एवढ्या घरात तोशिएबाई एकट्या उरल्या. तेव्हापासून त्या विद्यार्थ्यांना खोल्या देत.

मी गेले ते २००८ साल. त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडची मुलं एवढी आली होती की संध्याकाळी स्टेशनवर मराठी, पंजाबी, तेलुगू सगळं एकदम कानावर पडायचं. कुणी अकाउंटिंग शिकायला आलेलं, कुणी स्वयंपाक, कुणी केस कापायला. घरी फोनवर बोलताना मात्र सगळेच 'युनि'त असत. एकेका खोलीत ओळीने गाद्या टाकून राहणारी मुलं मी पाहिली. तोशिएबाईंकडे एका खोलीत एकच माणूस, आणि खोलीच्या दारावर त्याच्या नावाची पाटी.

या पाट्या त्या स्वतः लिहीत. तळहातापेक्षा जराशी लांब लाकडी फळी. शाई लाकडात फुटू नये म्हणून तिच्यावर आधी खडूची पूड घासायची, ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्याने पुसायची, मग दगडावर शाईची कांडी उगाळायची. आपण सहाणेवर गंध उगाळतो तसंच, तेवढंच सावकाश. मग कुंचला.

जपानीत तीन तऱ्हेची अक्षरं असतात, हे मला त्यांनीच शिकवलं. काताकाना ही परदेशी नावांची. हिरागाना ही घरातली, मुलं शाळेत सगळ्यात आधी गिरवतात ती. ही दोन्ही आपल्यासारखीच, जसा उच्चार तसं अक्षर. तिसरी कांजी, चीनकडून आलेली. तिथे एकेका अक्षराला स्वतःचा अर्थ असतो, आणि अशी शेकड्यांनी अक्षरं हाताला वेगवेगळी लावून घ्यावी लागतात. हा शब्द ऐकून पोरं पहिल्यांदा हसत, कारण आपल्याकडे कांजी आजाऱ्याला देतात.

विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी दारावर काताकानातली पाटी लागे. "परका आहे, आला आहे, एवढंच ती सांगते," असं तोशिएबाई म्हणत. खरी पाटी मिळे ती शिक्षण संपवून घर सोडताना. त्या मुलाच्या नावाचे उच्चार जुळतील आणि अर्थ त्याच्या स्वभावाला बसेल अशी कांजी त्या निवडत. त्यासाठी वर्ष-दोन वर्षं त्या माणसाकडे बघत असत. तो बेसिनमध्ये कप तसाच ठेवतो का, फोनवर आईशी कसा बोलतो, हरल्यावर काय करतो. वसईची इव्हा म्हणून एक मुलगी नर्सिंग शिकून गेली. तिला त्यांनी दोन अक्षरं दिली होती, एकाचा अर्थ कृपा आणि दुसऱ्याचा लाट. इव्हा दिवसभर शांत असायची आणि आठवड्यातून एकदा सगळं घर धुऊन काढायची, म्हणून लाट.

फाटकावरची पाटी त्यांनी केनसाठी लिहिलेली. डॉसन या नावाला त्यांनी सभागृह आणि मान या अर्थांची अक्षरं लावली होती. केन येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा म्हणे, "फिटर कोण, मेट? मी तर सभागृह आहे!"

मी शाळेत शिकवत होते हे कळल्यापासून त्या मला 'सेन्सेई' म्हणू लागल्या. त्यांच्याकडे शिक्षकाला असंच म्हणतात, निवृत्त झाला तरी. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, त्यांचं जपानी वळणाचं आणि माझं पाठ्यपुस्तकी. पण दोघींचा धंदा एकच होता, माणसं न्याहाळायचा, त्यामुळे अडलं नाही.

तेव्हा त्यांच्याकडे दोघं मराठी होती. पुण्याचा सलिल स्वयंपाकाचा कोर्स करत होता आणि पेट्रोल पंपावर शिफ्टला जात होता. डोंबिवलीची स्वरदा अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करून पॅरामॅटाच्या एका बेकरीत काम करत नोकरी शोधत होती. सलिलचा हट्ट असे, "आजी, माझी फायनल पाटी आत्ताच द्या ना. मी कधी पळून जाईन सांगता येत नाही."

"तू अजून शिजला नाहीस," तोशिएबाई म्हणायच्या.

"गॅस मोठा करा मग!"

"तुमच्या कॉलेजात तेच शिकवतात वाटतं. म्हणून तुझा भात खाली लागतो."

स्वरदा असं काही मागायची नाही. ती कमी बोलणारी, सुती कुडत्यातली मुलगी. आजी आणि सलिलचं भांडण झालं की ती मध्ये न पडता चहा ठेवायची, आणि चहा होईपर्यंत भांडण संपलेलं असायचं. तिला ब्रिस्बेनला नोकरी लागली. तिथल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला तिची मावसबहीण राहत होती, तिच्याकडे पुढच्या महिन्याच्या अखेरीस जायचं ठरलं. ही बातमी तिने सांगितली तेव्हा मी तिथेच होते. तोशिएबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "छान. तुझं नाव मी केव्हाच शोधून ठेवलं आहे."

त्यानंतरच्या दिवसांत मी दोनदा त्यांच्याकडे गेले आणि दोन्ही वेळा स्वरदाने मला दारातच ओठांवर बोट ठेवून थांबवलं.

"काकू, हळू. आजी जपाला बसल्या आहेत."

आत डोकावून पाहिलं तर तोशिएबाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजव्या हाताची तर्जनी मांडीवर हलते आहे. वर, खाली, आडवी, पुन्हा वर. मध्येच हात उचलून त्या हवेत काहीतरी काढत आणि परत मांडीवर.

"माझी पणजी अगदी अशीच करायची," स्वरदा कुजबुजली. "मांडीवर बोटाने राम राम लिहायची. कुणी हाक मारलेलं तिला खपायचं नाही."

"पण या तर बौद्ध आहेत ना?"

"मग बुद्धाचं लिहीत असतील. नाम ते नाम."

ते घर मराठी मुलांचं, त्यामुळे हे सगळ्यांना आपोआप पटलं. सलिल क्रिकेट लावायचा ते आवाज बंद करून लावू लागला. चेंडू टाकला जायचा, फलंदाज बाद व्हायचा, आणि सलिल नुसता तोंडाचा आ करायचा. स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा थांबला. सगळे अदबीने पाय न वाजवता चालायचे, आणि तोशिएबाई त्या शांततेत एकट्या बसून राहायच्या.

त्या जपाला बसलेल्या नव्हत्या, हे मला कळलं ते एका सकाळी. मी थालीपीठं घेऊन गेले होते. मुलं कामावर गेली होती. टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांच्यावर लिहायचे पातळ कागद, आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर एखादं अर्धवट अक्षर. दोन रेघा आणि थांबलेला कुंचला. शाईचा ठिपका पसरत गेलेला.

"बसा, सेन्सेई," त्या म्हणाल्या. थालीपीठाचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला, परत लावलं. "तुमच्या वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असायचं, पण फळ्याशी उभं केलं की लिहिता यायचं नाही. असं व्हायचं?"

"व्हायचं की."

"मग तुम्ही काय करायचात?"

"जागेवर बसून सांग म्हणायची."

त्या हसल्या. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शिकवणीसारखं. स्वरदासाठी त्यांनी चार अक्षरं ठरवली होती. 'सु' म्हणजे न रंगवलेलं साधं कापड. 'वा' म्हणजे सलोखा. 'रा' म्हणजे चांगलं. 'दा' म्हणजे भाताचं शेत. अर्थ चोख आठवत होते. ती अक्षरं पुस्तकात दिसली तर क्षणात ओळखू येत होती. पण कुंचला हातात घेतला की हातापाशी काही येतच नव्हतं.

"जपानी माणसाला अक्षर आठवलं नाही की तो बोटाने लिहून बघतो. मांडीवर, हातावर, हवेत. डोकं विसरलं तरी बोट आठवतं. सगळेच करतात. मी पाच-सहा दिवस तेच करते आहे. बोटालाही आठवत नाही."

एक कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. त्यावर पुरं झालेलं एक अक्षर होतं, डौलदार. "हे सुद्धा 'सु'च. पण याचा अर्थ व्हिनेगर. हाताने दुसरंच काहीतरी आणून दिलं."

"स्वरदाला चालेल, सलिलशी बोलताना ती आंबट असतेच," मी म्हटलं. नको तेव्हा विनोद सुचतो तसं झालं. पण त्या खूप हसल्या, डोळे पुसेपर्यंत. मग कागदाची नीट घडी करून म्हणाल्या, "लिहून झालं की लगेच कळतं, चुकलंय. त्याचाच त्रास आहे. कळलं नसतं तर मी आनंदाने व्हिनेगर देऊन टाकलं असतं."

"मुलांना वाटतंय तुम्ही जप करता."

"जप?"

मी सांगितलं. क्रिकेटचा बंद आवाज, मिक्सर, सगळं. त्या ऐकत राहिल्या. "म्हणून एवढं शांत झालंय होय घर! मला वाटलं कानही गेले." आणि मग, "त्यांना सांगू नका. सलिलची दाण्याची चटणी संपली असेल, त्याला नवी करायची असेल. मिक्सर लावायला मात्र सांगा."

नाओमीला फोन त्यांनी स्वतःच केला. ती पर्थहून आली. उंच, बापाच्या चेहऱ्याची, बोलायला घाई असलेली बाई. पहिल्यांदा नेहमीच्या डॉक्टरांकडे इंग्रजीत तपासणी झाली. आज वार कोणता, घड्याळ काढा, हे शब्द लक्षात ठेवा. तोशिएबाईंचं जवळजवळ सगळं बरोबर आलं. नाओमी सुटल्यासारखी होऊन म्हणाली, "मम्, यू आर फाइन." तोशिएबाई म्हणाल्या, "मला जपानीत विचारायला सांग."

तशी एक जपानी बोलणारी बाई एका मोठ्या दवाखान्यात मिळाली. बोलण्यालिहिण्याच्या अडचणींवर काम करणारी. तिने सोपे शब्द सांगून लिहायला लावले. हिरागाना आणि काताकाना दोन्हींत सगळे बरोबर. कांजीत डोंगर आला, नदी आली, पुढे छत्रीशी आणि घड्याळाशी हात थांबला. लिहिलेले शब्द वाचायला दिले तर सगळे वाचले. पुढे आणखी तपासण्या झाल्या आणि नाव कळलं. अल्झायमर, अगदी सुरुवातीचा.

ते सांगायला नाओमी स्वयंपाकघरात बसली होती. मुलं होती, मी होते. तोशिएबाई वाटाणे सोलत होत्या.

"ती बाई म्हणाली, उच्चाराची अक्षरं आवाजाला बांधलेली असतात, आवाज आला की मागोमाग येतात," नाओमी सांगत होती. "कांजीचं प्रत्येक अक्षर आतून वेगळं जाऊन आणावं लागतं. ते आणणं आधी जातं. जपानी लोकांत बऱ्याचदा असंच दिसतं म्हणे." मग तिचा आवाज बदलला. "मला कसं कळणार? डॅडच्या वेळी घरात सगळं इंग्रजी. आयुष्यभर मी हिला लिहिताना बघितलं आणि त्यातलं एक अक्षर मला येत नाही. ती चुकत होती तरी मला कळलं नसतं."

"मी चुकत नव्हते," तोशिएबाई म्हणाल्या. "थांबत होते."

सलिल उठून खिडकीशी गेला. स्वरदाला आता जपाचा उलगडा झाला होता. तिने पदर असता तर डोळ्यांना लावला असता. नव्हता, म्हणून बाहीच लावली.

नाओमीचं म्हणणं होतं की आईने तिच्याबरोबर पर्थला यावं, निदान खोल्या देणं तरी बंद करावं. तोशिएबाईंनी वाटाण्याच्या शेंगा एका बाजूला केल्या. "ते नंतर बोलू. स्वरदा महिनाअखेरीस जाणार आहे. तिला पाटी द्यायची आहे. या घरातून शिकून गेलेलं एकही मूल नावाशिवाय गेलेलं नाही."

"मम्, एका पाटीसाठी..."

"पाटी लिहिता येत असेल तर मी घर चालवू शकते. येत नसेल तर तुझं ऐकते." एवढं बोलून त्यांनी वाटाणे धुवायला घेतले. नाओमीने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांची टरफलं गोळा करायला घेतली. पैज त्यांनी स्वतःशीच लावली होती.

मग सलिलने एक युक्ती काढली. चारही अक्षरं त्याने नेटवरून शोधली, मोठी छापून आणली आणि टेबलावर मांडली. "आजी, बघून काढा. एवढंच तर आहे!" तोशिएबाईंनी कागद जवळ ओढला. कुंचला भिजवला. आणि पाटीवर अक्षरं उतरू लागली, एकेक रेघ आपल्या क्रमाने, न थबकता. जाड, बारीक, शेवटी उचललेलं टोक. इतकं सुंदर झालं की सलिलने टाळ्या वाजवल्या, नाओमीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. स्वरदा म्हणाली, "आजी, झालं की!"

तोशिएबाईंनी पाटी हातभर लांब धरून पाहिली. मग ती टेबलावर उपडी ठेवली आणि कुंचला धुवायला घेतला.

"काय झालं? चुकलं?"

"नाही. बरोबर आहे. पण हे कॉम्प्युटरने दिलं. मी नुसती हमाली केली."

"मला चालेल ना आजी! मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला चालेल गं. मला नाही चालत."

सलिल चिडला. त्याचा स्वभाव तसा, मायेने चिडणारा. "एवढं काय हो! मी पण रेसिपी बघूनच करतो की."

"म्हणूनच म्हणते, तू शिजला नाहीस."

कुणी हसलं नाही. त्याही नाहीत. ती पाटी त्यांनी उचलून शेडमध्ये नेऊन ठेवली, आणि महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. या काळात मी त्यांना एकदाही रडताना पाहिलं नाही. बागेत पाणी घालत, भात लावत, खुर्चीत बसून बोट फिरवणं मात्र त्यांनी सोडून दिलं. सलिलने चटणीसाठी मिक्सर लावला की त्या मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहत.

स्वरदा जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबल पुसलेलं होतं, वर्तमानपत्रं नव्हती. एक नवी फळी, खडू, शाईचा दगड.

"माझी आई दोनच वर्षं शाळेत गेली होती," त्या म्हणाल्या. "तिला हिरागानाच तेवढी येत होती. मी केनशी लग्न केलं तेव्हा वडिलांनी बोलणं टाकलं. बोटीवर चढायच्या दिवशी आई एकटी आली. माझ्या कोटाच्या आतल्या बाजूला तिने कापडाची पट्टी शिवून आणली होती, आणि तिच्यावर माझं नाव. तो, शि, ए. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरावर असतं तसं. बोटीवर बाकीच्या मुलींच्या सामानावर कांजीत नावं होती. मला लाज वाटली. मी सिडनी येईपर्यंत कोट कधी उघडा ठेवला नाही, उकाड्यातसुद्धा."

मी खडू उचलून फळीवर घासायला घेतला. ते काम तरी मला येत होतं.

"परक्यांची नावं काताकानात लिहितात, सेन्सेई. आपली माणसं हिरागानात. एवढी वर्षं मी या मुलांना आल्याबरोबर परकी म्हणून लिहिलं, आणि जाताना इतक्या अवघड अक्षरांत, की त्यांनाही वाचता येऊ नये. आईसारखं कुणालाच लिहिलं नाही."

"मग लिहा."

"उद्या. तिच्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. स्वरदाची बॅग दारात होती. तोशिएबाईंनी शाई उगाळली, बराच वेळ. मग त्यांनी मांडी सावरली, कुंचला उभा धरला, आणि वरून खाली चार अक्षरं लिहिली. सु. वा. रा. दा. गोल, मोकळी, वळणं घेत एकमेकांकडे झुकलेली. मी आयुष्यभर मुलांची अक्षरं पाहिली. घाबरलेली, घाईतली, कौतुकासाठी सजवलेली. ही तशी नव्हती. जिथे टेकायचं तिथे टेकलेली, जिथून निघायचं तिथून निघालेली. मध्ये हात एकदाही थांबला नाही. समोर बघून लिहायला कागद नव्हता.

लिहून झाल्यावर त्यांनी पाटी फिरवून स्वरदासमोर धरली. "याला अर्थ नाही, फक्त हाक आहे. अर्थ मी तोंडी सांगते. साधं कापड. सलोखा. चांगलं. भाताचं शेत. हे तू लक्षात ठेवायचं."

"ठेवीन."

"तू विसरलीस तर मला फोन कर. मी विसरले तर तू मला सांग."

स्वरदा पटकन वाकली, पाया पडायला. तोशिएबाईंना आपल्याकडची ती रीत माहीत होती, पण पाटी दोन्ही हातांनी द्यायची आणि देताना वाकायचं ही त्यांची रीत हाडात भिनलेली. त्याही त्याच क्षणी वाकल्या. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली, आवाज येईल एवढी.

"आई गं!" स्वरदा.

"इताई!" तोशिएबाई.

त्या दोघी कपाळ चोळत हसायला लागल्या तेव्हा सलिल म्हणाला, "बघा, एवढं जोरात लागलं, एखादं कांजी हललं असेल आत." नाओमीने त्याच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला आणि तिलाही हसू फुटलं. बाहेर टॅक्सीने हॉर्न दिला.

त्या संध्याकाळी नाओमीने पर्थचा विषय काढला नाही. काही दिवसांनी ती परत गेली. दर महिन्याला येते, आता हिरागाना शिकते आहे. तिच्या पहिल्या पानावर तोशिएबाईंनी लाल शाईने पाकळ्यांचं फूल काढून दिलं. जपानी शाळांत शिक्षक उत्तम कामाला असं फूल देतात म्हणे. मी शाबासकीसाठी नुसतं 'छान' लिहीत आले. हे फूल मला ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. डाव्या-उजव्या चपलेचा घोळ होऊ लागला, गॅसला सलिलने कुलूपवाली कळ लावली. पण स्वरदाचा फोन रविवारी ठरलेला. मी एकदा ऐकला आहे. "साधं कापड," तोशिएबाई म्हणत होत्या, "सलोखा... पुढे?" पलीकडून उत्तर आलं असावं. "हां, चांगलं. मग शेत. शेत मला माहीत आहे."

नव्या सत्रात स्वरदाच्या खोलीत वेद नावाचा मुलगा आला, नाशिकचा. मी दार उघडायला तिथेच होते. त्याने चपला कशाही काढल्या, तोशिएबाईंनी वाकून त्या फिरवल्या, तो ओशाळला. पाठीवरची सॅक अजून उतरली नव्हती, तोवर त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. समोर फळी होती, खडू घासून तयार. काताकानाची पाटी त्यांनी स्वरदा गेल्यापासून बंद केली होती. आता आल्या दिवशीच हिरागाना, आणि अर्थही तेव्हाच.

"पूर्वी मी माणूस कळायची वाट बघायचे," त्या त्याला म्हणाल्या. "आता मला लवकर ओळखायला हवं. सांग, कसा आहेस तू?"

वेदने मदतीसाठी सलिलकडे पाहिलं. सलिलने खांदे उडवले. "सांग बाबा खरं. आजीला थापा कळतात."

"मी... नॉर्मल आहे, आजी."

"नॉर्मल कुणी नसतं," तोशिएबाई म्हणाल्या, आणि शाईची कांडी दगडावर फिरवायला लागल्या. "बस नीट. तुझं नाव म्हण. सावकाश."